१७० आणि १७१ची गल्लत

महोदय,

खाद्यपदार्थांच्या पाकिटांवरील आकड्यांबद्दल जे संदेश फिरतात, त्यांत १७० आणि १७१ यांची सर्रास गल्लत होते. आयएनएस (खाद्य-मिश्रकांना दिलेली आंतरराष्ट्रीय क्रमांक-पद्धत) १७० म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडूच्याच जातीचे. १७१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. दोन्ही पांढरे, पण वाद आहे तो १७१चा.

तो केवळ पांढऱ्या पदार्थांत शोधू नका. दूध पावडरीचा पांढरेपणा दुधाचाच असतो. १७१ वापरतात ते च्युइंगगममध्ये आणि कडक कवचाच्या रंगीबेरंगी गोळ्यांत. आतला तपकिरी गाभा झाकायला आधी पांढरा थर देतात, मग वरचा लाल-पिवळा खुलतो. भिंतीला प्रायमर मारतात तसेच. हे कण प्रकाश इतका विखुरतात की एक टक्क्याहूनही कमी पुरते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणून यादीचे शेपूट वाचावे. आपल्याकडे ‘कलर’ लिहून पुढे नुसता क्रमांक दिला तरी चालतो. अमेरिकेहून आलेल्या खाऊवर तर कधी ‘आर्टिफिशियल कलर’ एवढेच असते.

युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मे २०२१ मध्ये सांगितले की जनुकीय हानीची शक्यता नाकारता येत नाही. ऑगस्ट २०२२ पासून युरोपीय संघात हा रंग खाद्यपदार्थांत बंद आहे. ‘कर्करोग होतो हे सिद्ध झाले’ असे मात्र त्या प्राधिकरणाने म्हटलेले नाही. जागतिक आरोग्य संघटना व एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये त्यात चिंतेचे कारण मानले नाही. पण ज्याने ना चव येते ना पोषण मिळते, त्यासाठी मुलांच्या खाऊत ही जोखीम कशाला?

पर्याय आहेत, फुकटचे नाहीत. तांदळाचा स्टार्च किंवा १७० वापरले की थर जाड द्यावा लागतो आणि तरी तेवढी झाक येत नाही. आंबट गोळ्यांत १७० आम्लाशी भिडून वायू सोडते, कवच बिघडते.

पाकिटावरचा आणखी एक आकडा, सल्फर डायऑक्साइडचा (२२०), मात्र रंगाचा नव्हे. ते विरंजक (रंग उडवणारे) आणि परिरक्षक (पदार्थ टिकवणारे). दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो, त्यामुळे त्यांनी सुक्या जर्दाळूच्या पाकिटावर आधी २२० ते २२८ पाहावे.

क्रमांकासोबत नावही छापणे सक्तीचे व्हावे, आणि तेही भिंगाशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत.

– अन्नतंत्रज्ञानाचा एक शिक्षक, पुणे