कागदाच्या पहिल्या ओळीसाठी, मिस्त्रीकाका

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

आभार त्या दिवशीच मानले होते, पण तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून पुन्हा प्लग खोलायला वाकलात. ते शब्द तसेच हवेत राहिले, ते मनातून जात नाहीत. म्हणून हे पत्र सगळ्यांच्या देखत लिहितो आहे.

पहिलीच मोटरसायकल घेणाऱ्या एका मुलीला तुम्ही अर्धा दिवस दिलात. तुमच्याआधी दोघे जण तिला भेटले होते. पहिल्याने एकच प्रश्न विचारला, "बजेट किती?" आणि आकडा ऐकताच त्या आकड्याला बरोबर संपवणारी, फेअरिंगवाली, म्हणजे प्लास्टिकच्या कवचाने झाकलेली, 300 सीसीची गाडी पुढे ओढली. तिची उंची, चालवण्याचा सराव, रोजचा रस्ता यांतलं काहीही त्याने विचारलं नाही. दुसऱ्याने जुनी गाडी दाखवली. टायरांना काळं पॉलिश, सीटला नवं कव्हर, आणि इंजिन ती पोचण्याआधीच चालवून गरम केलेलं. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, किती धूर टाकतं, कुठे खडखडतं, हे गरम इंजिनावर कळतच नाही. त्याला ते पुरेपूर माहीत होतं. नवख्या माणसाला काय ठाऊक नाही हे हेरून त्यावर दर लावायचा, याचा राग मला अजून आहे.

तुम्ही मात्र गाडीचं नावसुद्धा न घेता एका जुन्या बिलाची पाठकोरी बाजू घेतलीत. पहिल्या ओळीत लिहिलंत: हेल्मेट, हातमोजे, जॅकेट, घोटा झाकणारे बूट. दुसऱ्या ओळीत टायर, चेनसेट, बॅटरी, ऑइल. तिसरीत विमा आणि नावावर करण्याचा खर्च. प्रत्येकापुढे आकडा टाकलात, खाली रेघ मारलीत आणि म्हणालात, "आता उरले ते गाडीचे."

काका, खरे आभार त्या कागदाचे, त्यातही पहिल्या ओळीचे. सगळीकडे हिशेब उलटा सुरू होतो. आधी गाडी ठरते, मग उरल्यासुरल्या पैशात हेल्मेट येतं. तुम्ही ओळींचा क्रम बदललात आणि त्या मुलीचं डोकं गाडीच्या आधी आलं. एकूण रकमेचा जवळजवळ सहावा भाग तिथेच गेला. तिचा चेहरा पडला, तरी तुम्ही आकडा खोडला नाहीत. हेल्मेटच्या आत थर्मोकोलसारखा जो थर असतो तो एकदाच चेपतो, दुसऱ्या धक्क्याला त्यात काही शिल्लक नसतं, म्हणून गाडी जुनी चालेल पण हेल्मेट जुनं नाही, हे तुम्ही तिला समजावलंत. गालांना घट्ट बसलं पाहिजे, पट्टा लावून मान हलवली की कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. हे तिला याआधी कोणीही सांगितलं नव्हतं.

मग तिला बसवून पाहिलंत. सीटची उंची मिलिमीटरमध्ये छापलेली असते, 780, 800, 810. पण तेवढ्यावर ठरवायचं नाही हे तुम्ही दाखवलंत. सीट पुढे रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि 780 ची गाडीही उंच लागते. दोन्ही पायांचे चवडे भक्कम टेकले पाहिजेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इंजिन बंद ठेवून तिला गाडी ढकलायला लावलीत, पुढे, मागे, आणि इंग्रजी आठच्या आकड्यात. 115 ते 130 किलोंची गाडी तिने फिरवली. 165 किलोंची वळवताना एका बाजूला कलली आणि सावरता आली नाही. नवखा माणूस पडतो तो वेगात कमी आणि उभ्या-उभ्या जास्त: सिग्नलला, उतारावर, साइड स्टँड विसरून. त्या वेळी वाचवतो तो किलोंचा हिशेब.

सीसीच्या मागे धावू नका, हेही तुम्ही नीट उलगडून सांगितलंत. युरोपात सुरुवातीच्या ए-1 परवान्याला 125 सीसी आणि 11 किलोवॅटची मर्यादा आहे, शिवाय ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तराचीही. ऑस्ट्रेलियात शिकाऊ माणसाला 660 सीसीपर्यंत चालतं, पण एका टनामागे 150 किलोवॅटपेक्षा जास्त ताकद चालत नाही. म्हणजे दोन्हीकडे नुसतं इंजिन केवढं हे न पाहता ते किती वजनाला किती जोर लावतं हेही पाहिलं जातं. नवख्याला लागते ती कमी आरपीएमवर न गचकणारी गाडी, क्लच हळूच सोडला तर ॲक्सिलरेटर न देताही सरकणारी. 125 ते 150 सीसीचं साधं, एका सिलिंडरचं इंजिन हे सुंदर करतं. आणि फेअरिंग नको. उभ्या-उभ्या पडलेल्या उघड्या गाडीचा लिव्हर आणि इंडिकेटर जातो; फेअरिंगवालीचं अख्खं प्लास्टिक तडकतं.

मग दुसऱ्या एका जुन्या गाडीपाशी पोचल्यावर तुम्ही काही न बोलता आधी इंजिनवर तळवा ठेवलात. थंड होतं. तेव्हा कुठे बाकीचं सुरू झालं. टायरच्या कडेवरचे चार अंक तिला वाचायला लावलेत: 3118, म्हणजे 2018 सालच्या 31व्या आठवड्यातला टायर. नक्षी भरपूर होती, पण रबर नखाला दगडासारखं लागत होतं. असं रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही, नक्षी कितीही खोल असो. दोन्ही टायर दुसऱ्या ओळीत गेले.

चेनवर तुम्ही बराच वेळ घेतलात आणि ते योग्यच होतं. मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाच्या, अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून ओढलीत, निम्मा दात उघडा पडला. चेन लांबते म्हणजे लोखंड ताणलं जात नाही. पिना आणि बुश झिजतात आणि प्रत्येक कडीत केसाएवढी ढिलाई साठत जाते. 428 नंबरच्या नव्या चेनच्या 20 कड्या 254 मिलिमीटर भरतात, 259 च्या आसपास गेल्या की तिचे दिवस संपले. तुम्ही पट्टी लावून मोजून दाखवलंत. मग चाक फिरवलंत: एका जागी चेन सैल, अर्ध्या फेरीनंतर ताठ. अशी चेन कुठल्याही एका ताणावर नीट बसत नाही. विकणारा म्हणाला, नुसती चेन टाका, स्प्रॉकेट चालतील. तुम्ही शांतपणे दात दाखवलेत, एका बाजूला वाकून हूक झालेले. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली की तीही लवकर मरते. म्हणून दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकदमच.

त्यानंतरची गोष्ट मला सगळ्यात शिकवून गेली. गाडी डबल स्टँडवर घेऊन, मागून दाब देऊन पुढचं चाक उचललंत आणि हँडल दोन बोटांनी हळू फिरवलंत. मधोमध, अगदी सरळ रेषेत, ते किंचित अडकलं. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलेला. गाडी बहुतेक वेळ सरळच धावते, त्यामुळे खड्ड्यांचे धक्के बेअरिंगच्या त्याच जागी बसतात आणि तिथे खाचा पडतात. सराईत माणूस अशी गाडी चालवून नेतो, त्याला जाणवतही नाही. पण नवख्याच्या हातात ती हळू वेगाला डुलते, आणि तो समजतो की आपल्यालाच तोल जमत नाही. तुम्ही तिला म्हणालात, "पोरी, हा दोष गाडीचा आहे, तुझ्यात काढू नकोस."

हे वाक्य मनात राहिलं. कोरडी क्लच केबल, झटके देणारी चेन, फार खाली लावलेला आयडलिंग स्क्रू (ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन किती वेगाने चालेल ते ठरवणारा), यांच्यामुळे कितीजण दुसऱ्याच आठवड्यात "मला नाही येत" म्हणून गाडी ठेवून देतात. शिकणाऱ्याची गाडी चांगली असायला हवी ती यासाठी. "शिकायलाच तर घ्यायची आहे, कसली का असेना" असं म्हणणारे अगदी उलटं सांगत असतात.

बाकीचं भराभर झालं. फोर्क, म्हणजे पुढचे शॉक, चार-पाच वेळा दाबून नळ्यांवर तेलाचं कडं येतं का. फूटरेस्टची आणि लिव्हरची टोकं घासली आहेत का. हेडलाइटच्या मागे, चेसिसच्या मानेशी रंग तडकला आहे का. ब्रेक ऑइलचा रंग: ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, इथलं चहासारखं झालेलं. टाकीत टॉर्चने उजेड टाकून गंज. बॅटरीवर मीटर: उभी असताना 12.6 च्या जवळ, इंजिनची रेस वाढवल्यावर 13.5 ते 14.5 व्होल्ट. सायलेन्सरमधून सुरुवातीची पांढरी वाफ चालते, निळा धूर नाही. टॅपेटचा, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व उघडणाऱ्या भागांचा, बारीक टकटक आवाज ऐकून ती घाबरली, तेव्हा तुम्ही सांगितलंत की वाजणारे टॅपेट बरे. फार कसलेले टॅपेट गप्प असतात, पण व्हॉल्व पूर्ण बसू देत नाहीत आणि जाळून टाकतात. इंजिन आणि चेसिस नंबर कागदांशी एकेक अक्षर ताडून पाहिलेत. चालवताना टॉप गिअरमध्ये कमी वेगावर एकदम ॲक्सिलरेटर दिलात: आरपीएम आणि वेग बरोबरच चढले, म्हणजे क्लच घसरत नाही.

मग दर. तीच गाडी, तेच साल, अशा पाच-सहा गाड्यांचे मागितलेले दर तुम्ही आधीच काढून ठेवले होते. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त सोडून दिलेत, मधला घेतलात. त्यातून दोन टायर, चेनसेट, कोनसेट, ब्रेक ऑइल, मजुरी, एकेक वजा. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरचे वेगळे पैसे तो मागत होता. तुम्ही मूळ सायलेन्सर कुठे आहे ते विचारलंत. तो नव्हता, म्हणून तिथे किंमत वाढायच्या ऐवजी उतरली. मीटर कमी चाललेला आहे यावर त्याचा भर होता. उभी राहिलेली गाडीही म्हातारी होते, सील सुकतात, पेट्रोल कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये डिंकासारखं चिकटतं, हे तुम्ही त्यालाही समजेल असं सांगितलंत.

पण त्याच वेळी तुम्ही त्याच्या बाजूचंही बोललात. ब्रेकच्या डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा डिस्क बरीच जाड आहे, ऑइल वेळेवर बदललेलं दिसतं, याचे पैसे कापायचे नाहीत, असं स्वतःहून म्हणालात. तो माणूस त्या क्षणी सैल झाला. खोटं पाडायला आलेल्या माणसाशी जो भांडला असता, तो तुमच्या आकड्याला दहा मिनिटांत हो म्हणाला. घासाघीस म्हणजे समोरच्याला कमी लेखणं, असं मानणारी माणसं खूप पाहिली आहेत. मालाची खरी किंमत दोन्ही बाजूंना सारखीच मोजणारा माणूस विरळा, आणि तो भेटला की बाजारावरचा विश्वास थोडा परत येतो.

नवी गाडी का नको, यावरचं तुमचं उत्तरही इथे लिहून ठेवतो, अनेकांना उपयोगी पडेल. नव्या गाडीची किंमत सगळ्यात वेगाने उतरते ती पहिल्या वर्षात, आणि नवखा माणूस एक-दोन वर्षांत बहुतेक वेळा वेगळी गाडी घेतो. चार वर्षांच्या गाडीने तो उतार आधीच सोसलेला असतो. ज्याला नवीच घ्यायची आहे त्याने फलकावरचा आकडा सोडून चावी हातात पडेपर्यंतचा आकडा मागावा, आणि क्लच लिव्हर, केबल, इंडिकेटर सहज मिळतात का हे आधी विचारावं.

निघताना तुम्ही पाना घेऊन दोन्ही लिव्हरचे क्लॅम्प जरासे ढिले केलेत. पडली तर लिव्हर फिरेल, तुटणार नाही. या कामाचे पैसे तुम्ही कुठेच धरले नव्हते.

काका, गाडी व्यवस्थित आहे. 428 चा चेनसेट बसला, कोनसेट बसला, हँडल आता मधोमध कुठेही अडत नाही. ती मुलगी कालपर्यंत तीनदा पडता पडता सावरली आणि एकदा खरंच पडली, उभ्या-उभ्या. ब्रेक लिव्हर फिरला, तुटला नाही. 500 किलोमीटर होत आले आहेत, नव्या चेनचा पहिला ताण बघायला ती रविवारी येईल. पाना स्वतः धरणार आहे म्हणते. तुम्ही फक्त बाजूला उभे राहा. तो कागद तिने घडी करून सीटखाली टूलकिटमध्ये ठेवला आहे.

तुमचा,
नव्या चालकांना शिकवणारा एक जण