धुणार कोण? पर्यावरणमंत्र्यांना एका बचत गटातून खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री,
पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

स.न.वि.वि.

मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात राहते. आमचा अकरा बायकांचा बचत गट आहे आणि आम्ही कापडी पिशव्या शिवतो. रविवारी आम्ही शिल्लक माल मोजला. ४,१३० पिशव्या निघाल्या. मांजरपाटाच्या, दुहेरी शिवणीच्या, बंदाच्या टोकाला चौकोन करून आत फुली मारलेल्या. पाच किलो ज्वारी घालून हिसका दिला तरी बंद निघत नाही, हे मी आपल्याला लिहून देते.

पत्र लिहायला कारण झालं गेल्या आठवड्यातल्या कार्यक्रमाचं. 'प्लास्टिकमुक्त शहर' असा तो सरकारी कार्यक्रम होता. महिनाभर आधी ३,००० कापडी पिशव्यांसाठी दर मागवले होते, म्हणून आम्ही रात्री बसून हिशोब केला. इचलकरंजीचं कापड, दोरा, शिलाई, वाहतूक सगळं धरून एका पिशवीला ३८ रुपये. त्यात आमचा नफा पिशवीमागे ३ रुपये होता. काम दुसऱ्याला गेलं, ७ रुपयांच्या पिशवीला. टेबलापलीकडून उत्तर मिळालं, "ताई, एल-वन बघावं लागतं, सर्वांत कमी दर." कार्यक्रमाला मात्र आम्हाला आवर्जून निरोप आला. स्वागतगीत म्हणायला आणि खुर्च्या भरायला बायका लागतात.

ती ७ रुपयांची पिशवी मलाही मिळाली. वर पुढाऱ्यांचे फोटो, खाली 'कापडी पिशवी वापरा, वसुंधरा वाचवा'. हाताला कापडासारखीच लागते. घरी येताना तिच्यात दोन किलो बटाटे घेतले आणि चौकातच तिचा बंद निघून आला, कारण तो शिवलेलाच नव्हता, नुसता तापवून चिकटवलेला होता. घरी आल्यावर तिचा कोपरा गॅसवर धरला. तो आक्रसला आणि वितळून ओट्यावर काळा थेंब पडला. मग मांजरपाटाची चिंधी धरली. तिची राख झाली. एवढी परीक्षा माझ्या ओट्यावर दोन मिनिटांत झाली. नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेली, म्हणतात ती पिशवी पॉलिप्रॉपिलीनची असते, म्हणजे प्लास्टिकची. राज्याच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीत ती होती. २०२२ च्या अखेरीस सरकारनेच ६० जीएसएमच्या (चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाच्या) वरच्या अशा पिशव्यांना मोकळीक दिली. मग ज्यावर बंदी घातली होती तीच वस्तू कापड म्हणून सरकारी पैशातून वाटायची, आणि खरं कापड शिवणाऱ्या बायकांनी समोर बसून टाळ्या वाजवायच्या?

आता त्या कार्यक्रमातल्या चहाचं सांगते. आमच्या गटाकडे २०० स्टीलचे पेले आहेत. बारसं, हळदीकुंकू, डोहाळजेवण असलं की आम्ही ते भाड्याने देतो, धुऊन पुसून पेल्याला एक रुपया. त्या दिवसासाठी आम्ही ते फुकट देऊ केले होते. उत्तर आलं, "धुणार कोण?" मग कागदी कप आले. त्या कागदाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीने २०२० मध्ये तपासून सांगितलं, की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं राहिलं तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. व्यासपीठावर प्रत्येकासमोर पाण्याची छोटी बाटली होती, अर्धी पिऊन ठेवलेली. मागे भलामोठा फ्लेक्स होता. तोही प्लास्टिकच.

"धुणार कोण?" हा प्रश्न आठवडाभर माझ्या डोक्यातून जात नाही. खरं तर सगळं तिथेच अडलंय. वापरून फेकायची वस्तू घरात आली ती धुवायला, शिवायला, परत न्यायला कुणी नको म्हणून. आणि ही तिन्ही कामं करत कोण होतं? आमच्या सासूबाई. जुन्या लुगड्याची पिशवी, दुधाला बरणी, पाहुण्याला पितळी पेला, वाळलेल्या दोडक्याची घासणी, पंगतीला पळसाची पत्रावळ. त्याला त्या काळी पर्यावरणपूरक असं नाव नव्हतं, तो संसार होता. पण तो फुकट चालत नव्हता, बाईच्या पाठीवर चालत होता. आज तेच सगळं परत आणा म्हणता तेव्हा ते कष्ट कुणाच्या अंगावर पडणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हे तुमच्या एकाही परिपत्रकात मला दिसलं नाही. सात रुपये आणि अडतीस रुपये यांतला एकतीस रुपयांचा फरक म्हणजे आमच्या गावची शिवण आणि इचलकरंजीचा माग आहे. तो तुम्हाला महाग वाटतो. सात रुपयांच्या पिशवीचा उरलेला खर्च नाल्यात, नदीत आणि गाईच्या पोटात जातो. तो कुठल्याच निविदेत लिहिलेला नसतो, म्हणून ती स्वस्त.

आमची गोष्ट थोडक्यात सांगायची असं ठरवलं होतं, पण ती थोडकी नाही. २३ मार्च २०१८ ला बंदीची अधिसूचना निघाली. एप्रिलमध्ये आम्हाला बैठकीला बोलावलं. आता कापडी पिशवीला मरण नाही, बचत गटांनी तयारी करावी, कामं आम्ही देऊ, असं भर सभेत सांगितलं गेलं. आम्ही २,४०,००० रुपयांचं कर्ज काढलं. मोटारवाल्या सहा मशिनी आणि कापडाची कड शिवणारं एक ओव्हरलॉक मशीन घेतलं. कापडाचा पहिला गठ्ठा उचलायला पैसे कमी पडले तेव्हा मी माझ्या पाटल्या गहाण टाकल्या. २३ जूनला दंड सुरू झाला: पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. पहिले चार दिवस आमच्या दारात दुकानदारांची रांग होती, खोटं बोलत नाही. आठवडाही झाला नाही तोच किराणा दुकानदारांना ५० मायक्रॉनच्या वरच्या प्लास्टिक वेष्टनाची सूट मिळाली (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, जाडीचं माप). पाठोपाठ इतरांना. रांग गेली ती गेलीच. एका दुकानदाराने तर घेतलेल्या १०० पिशव्या परत आणून टाकल्या.

मोठ्यांना सूट मिळत होती तेव्हा आमच्या बाजारात मेथी विकणाऱ्या म्हातारीला ५,००० ची पावती फाडली. तिच्या पाटीत माल होता १,८०० चा. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, नाल्यांत अडकलेल्या पिशव्यांवर ठपका आला, त्यानंतर राज्यात पिशवी निदान ५० मायक्रॉन जाड हवी अशी अट आली. देशात २०२१ ला ७५ झाली, २०२२ च्या शेवटी १२०. त्या म्हातारीने मायक्रॉन कशाने मोजायचे? तिला घाऊक बाजारात गठ्ठा विकणारा सापडत नाही, गठ्ठा बनवणारा कारखाना सापडत नाही, फक्त पाटीवाली सापडते. ती पळू शकत नाही म्हणून सापडते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. आमची शेड नऊ दिवस पाण्यात होती. ९०० पिशव्या गाळाने भरल्या, मोटारी जळाल्या. त्या पिशव्या आम्ही तीन पाण्यांनी धुतल्या, दोरीवर वाळवल्या, डाग राहिले तरी वापरात आणल्या. पूरग्रस्तांना धान्य त्यांतूनच वाटलं. कापड होतं म्हणून उरलं. नदीकाठच्या बाभळींवर मात्र पाणी कुठवर चढलं होतं त्याची खूण प्लास्टिकनेच ठेवली होती. एका रेषेत सगळ्या फांद्यांना चिंध्या लटकलेल्या. पुढे लॉकडाऊन आला, २०२१ ला पुन्हा पूर आला. कर्जाची मुदत दोनदा वाढवून घेतली. माझ्या मानेचं दुखणं त्याच काळातलं. उजव्या हाताची दोन बोटं सकाळी उठल्यावर बधिर असतात, डॉक्टर म्हणतात मशीन थांबवा. पाटल्या सुटल्या नाहीत. घरातला माणूस काही बोलत नाही, पण दर महिन्याच्या ५ तारखेला तो आधी माझ्याकडे आणि मग पासबुकाकडे बघतो, त्यापेक्षा बोललेलं बरं.

आणखी एक आठवण करून द्यायची आहे. २०१९ च्या जूनमध्ये तेव्हाच्या पर्यावरणमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं होतं, की राज्यात रोज दुधाच्या एक कोटी पिशव्या रस्त्यावर येतात, त्यांचा ३१ टन कचरा होतो. आता पिशवीमागे ५० पैसे अनामत घेऊ आणि रिकामी पिशवी दिली की परत करू, असंही ते म्हणाले होते. मी ते खरं मानलं. त्या दिवसापासून मी रोजच्या दोन पिशव्या कोपरा न तोडता कापून, धुऊन, दोरीला चिमट्याने वाळवून तांदळाच्या पोत्यात ठेवत गेले. कोपरा तोडला की तो बारीक तुकडा मोरीत जातो, म्हणून तो जोडलेलाच ठेवायचा, हे मी शेजारणींनाही शिकवलं. दोन वर्षांत १,४६० पिशव्या झाल्या. वजन भरलं साडेचार किलो. त्यांचे ७३० रुपये होतात. आमच्या गावात त्या पिशव्या घेणारा एकही दूधवाला मला आजवर भेटला नाही. पोतं माळ्यावर आहे.

असं होऊच शकत नाही असं मला कुणी सांगू नये. मुंबईत आरेचं दूध काचेच्या बाटल्यांतून यायचं. माझी मावशी लालबागला राहायची. पहाटे रिकाम्या बाटल्या घेऊन केंद्रावर जायचं आणि भरलेल्या आणायच्या, हे मी लहानपणी तिच्याबरोबर जाऊन केलंय. सरकारनेच चालवलेली व्यवस्था होती ती. बाटल्या धुवायला माणसं होती आणि त्यांना पगार होता. तमिळनाडूत निलगिरीला २०२२ पासून दारूच्या बाटलीवर दहा रुपये जास्त घेतात आणि बाटली परत दिली की देऊन टाकतात, न्यायालयाच्या आदेशाने. त्याच राज्याने २०२१ च्या डिसेंबरात पिवळ्या कापडी पिशवीची मोहीम काढली. चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात दहा रुपये टाकले की पिशवी देणारं यंत्र बसवलं. दारूची बाटली परत घेता येते, मग दुधाची पिशवी का नाही?

माझी सून बाळाला डायपर घालते. मला ते आवडत नाही, पण मी तिला एका शब्दाने बोलत नाही. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेही चाळीस मिनिटं. लंगोट-दुपट्यांच्या बादल्या तिने कशाने धुवायच्या? कापडी पॅड वापरा म्हणून शाळेत येऊन व्याख्यान देतात आणि त्याच शाळेत मुलींच्या संडासाला पाणी नसतं. पाणी तुमच्या खात्यात येत नाही, हे मला माहीत आहे. बाईच्या दारात मात्र सगळी खाती एकदमच येतात. कर्जाचं एक, कचऱ्याचं एक, पाण्याचं एक, आणि प्रत्येकजण म्हणतो, ते आमच्याकडे नाही. गेली सात-आठ वर्षं आम्ही फक्त टेबलं बदलतोय. बंदी घालणारे बदलले, सूट देणारे बदलले, ग्रामसभेत येऊन शपथ देणारे बदलले. शपथ घेणाऱ्या आम्ही तेवढ्या त्याच.

मागायचं ते थोडं आहे. सरकारी पैशाने पिशवी घ्याल तेव्हा एका नगाचा दर बघू नका, ती किती दिवस टिकते त्यावर दर काढा. माझी स्वतःची भाजीची पिशवी २०१८ च्या पहिल्या गठ्ठ्यातली आहे, ३८ रुपयांत इतकी वर्षं चालली. नॉन-वोव्हनला कापड म्हणणं बंद करा, निदान सरकारी कागदावर तरी. सरकारी कार्यक्रमाच्या बिलात जशी मांडवाची, हारांची रक्कम असते तशी पेले धुण्याची रक्कम लिहा आणि ते काम त्याच गावच्या बायकांना द्या. आणि दुधाच्या पिशवीचे ५० पैसे. तो शब्द सभागृहात दिलेला आहे, मी तो मागतेय ही काही भीक नव्हे.

सोबत एक मांजरपाटाची पिशवी पाठवते आहे. तिच्यात ती सात रुपयांची, बंद उखडलेली पिशवी घडी करून ठेवली आहे, आणि दोन चिंध्या, एक वितळलेली आणि एक अर्धी जळलेली.

येत्या गुरुवारी गटाची बैठक आहे. ओव्हरलॉकला ९,००० रुपयांचं गिऱ्हाईक आलंय. सहाजणी विकून टाकू म्हणतात, चौघी थांबू म्हणतात. मी अजून काही बोललेले नाही. उत्तर द्यायचं असेल तर त्याआधी द्या.

आपली,
अकरा जणींपैकी एक