अँजिओग्राफीची जोखीम आदल्या दिवशी सांगा

महोदय,

कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे हृदयाची अँजिओग्राफी होते तिथे, परिचारिका म्हणून माझी नोकरीतली बहुतेक वर्षे गेली. अँजिओग्राफीच्या संमतीपत्रावर नातेवाईक अनेकदा स्ट्रेचर दाराशी आल्यावर सही करतात. तेव्हा त्यांचे लक्ष कागदावर नसतेच. ‘धोका नाही ना?’ असे विचारले, की ‘एक टक्क्याहून कमी’ असे उत्तर मिळते.

ते खरे आहे. ठरवून केलेल्या अँजिओग्राफीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू क्वचितच होतो. मृत्यू साधारण हजारात एखादा. पण हा आकडा सगळ्या रुग्णांचा मिळून आहे. पन्नाशीतला धडधाकट माणूस आणि मधुमेह असलेल्या, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेल्या, हृदयाचे पंपिंग कमी झालेल्या आजी यांची जोखीम सारखी कशी असेल?

मूत्रपिंडाबद्दल तर फारच कमी बोलले जाते. रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडलेला डाय मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. त्याने इजा झालीच तर क्रिएटिनिन चढायला दोन-तीन दिवस लागू शकतात आणि रुग्ण तोवर घरी गेलेला असतो. ज्यांची मूत्रपिंडे आधीच कमजोर आहेत, त्यांनी रक्त पुन्हा कधी तपासायचे, मधुमेहाचे औषध मेटफॉर्मिन थांबवायचे का, हे आधीच विचारून घ्यावे. डायची ॲलर्जी पूर्वी झाली असेल तर तेही न विसरता सांगावे.

अँजिओग्राफी मनगटातून नळी घालून केल्यास रक्तस्राव कमी होतो. जांघेतून केली तर पाय सरळ ठेवून काही तास पडून राहावे लागते. त्या वेळी कंबर किंवा पोट दुखू लागले, घाम फुटला, तर झोपून अवघडले असेल म्हणून सोसत राहू नका. आत रक्त साचत असू शकते. लगेच सिस्टरला हाक मारा.

आणखी एक. ‘गरज पडल्यास अँजिओप्लास्टी’ ही ओळ बहुधा त्याच कागदावर असते. अँजिओग्राफी ही तपासणी आहे; अँजिओप्लास्टी, म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी रुंद करून तिथे स्टेंट (जाळीची नळी) घालणे, हा उपचार आहे, त्याची जोखीम वेगळी आहे आणि त्यानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागतात. त्याबद्दल स्वतंत्र बोलणे व्हायलाच हवे.

झटका आलेल्या रुग्णाच्या बाबतीत एवढा वेळ नसतो, हे मान्य. पण तारीख ठरवून होणाऱ्या तपासणीआधी, आदल्या दिवशी, डॉक्टरांनी रुग्णाचे रिपोर्ट समोर ठेवून त्याची स्वतःची जोखीम सांगावी, हृदयापर्यंत नळी न घालता सीटी स्कॅनने होणाऱ्या सीटी अँजिओग्राफीने भागेल का तेही सांगावे, आणि मगच सही घ्यावी.

– एक निवृत्त परिचारिका