मॅडम, तेवढं एक वाक्य बोललात म्हणून

नमस्कार मॅडम,

लेकीच्या दातांच्या तारा निघाल्या. पेढे घेऊन आलो तेव्हा दवाखान्यात गर्दी होती, नीट बोलणं झालं नाही. म्हणून हे लिहितोय. जळगावला पोरांचे दात दाखवायला निघालेल्या आईबापांनीही वाचावं.

तुमच्याआधी आम्ही एका ठिकाणी पोळलो होतो. पुढे आलेले दात मागे घ्यायचे म्हणून उपदाढा काढल्या, तारा बसवल्या. पुढचे दात काही मागे जाईनात. उलट दाढाच पुढे सरकल्या आणि अर्धी फट खाऊन बसल्या. विचारलं की उत्तर ठरलेलं, "पोरगी तारांना रबर लावत नाही." ती रोज लावायची, मी बघत होतो.

तुम्ही कारण सांगितलंत. पुढचे दात दाढेला बांधून ओढले, की दाढही तेवढ्याच जोराने पुढे ओढली जाते. "खुंटाच हलता असेल तर बैल बांधून काय उपयोग?" मग खुंटा थेट जबड्याच्या हाडात, दाढांच्या मुळांमधल्या जागेत. दीड मिलिमीटर जाडीचा, आठ मिलिमीटर लांबीचा टायटॅनियमचा स्क्रू तुम्ही आधी पोरीच्याच तळहातावर ठेवलात. घरी आजीने मात्र कपाळाला हात लावला, "पोरना तोंडमा खिया ठोकतस का?" म्हणजे पोरीच्या तोंडात खिळे ठोकतात का. बसवायला जेवणाइतकाही वेळ लागला नाही.

पण आभार त्याचे नाहीत. पुढे डावीकडचा स्क्रू हलायला लागला, तेव्हाचे आहेत. पोरगी खुर्चीत आक्रसून बसलेली, आता आपल्यालाच बोलणार म्हणून. तुम्ही मास्क खाली केलात आणि माझ्याकडे न बघता तिला म्हणालात, "बेटा, स्क्रू माझा सुटला. तू काही केलं नाहीस. दहातला एखादा सुटतोच." जागा थोडी बदलून दुसरा बसवलात, त्याचे पैसेही घेतले नाहीत. त्या दिवशी घरी येताना एसटीत ती खिडकीपाशी बसून पाचोऱ्यापर्यंत बडबडत होती. आधीच्या दवाखान्यातून येताना ती कधी तोंडच उघडायची नाही.

आमच्याकडे मोटार रिवाइंड करणारासुद्धा जळाली की "तुम्हीच जास्त चालवली" म्हणतो. "माझं सुटलं" म्हणणारं माणूस, तेही एवढं शिकलेलं, विरळाच.

आता थंडीत वांगी भाजायला घेऊ. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या आजी स्वतः करणार आहे. रविवारी दवाखाना बंद असतो हे मला माहीत आहे, तेव्हा सबब चालणार नाही.

तुमच्या पेशंटचे पप्पा