एनएमआरचे कोडे नको, आलेख द्या

संपादक महोदय,

बी.एस्सी.च्या पेपरात एनएमआरचा (चुंबक आणि रेडिओ-लहरी वापरून रेणूची रचना ओळखण्याच्या तंत्राचा) प्रश्न ठरलेलाच: ‘१.२६ ट्रिप्लेट ३ एच, २.०५ सिंगलेट ३ एच, ४.१२ क्वार्टेट २ एच, संयुग ओळखा.’ (आकडे म्हणजे आलेखावरच्या जागा; सिंगलेट, ट्रिप्लेट, क्वार्टेट म्हणजे एक, तीन, चार रेषांची पीके.) मुले तक्ता पाठ करून येतात, इथिल ॲसिटेट लिहितात, गुण घेऊन मोकळी होतात. पण ‘३ एच’, म्हणजे तीन हायड्रोजन, असे छापूनच दिल्यावर ओळखायचे काय उरले? यंत्र प्रोटॉनची (हायड्रोजनच्या केंद्रकांची) संख्या सांगत नाही, पीकखालच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर तेवढे देते. (पीक म्हणजे आलेखातले शिखर, शेतातल्याशी गल्लत नको.) हाती येते १.५ : १.५ : १. त्याचे ३ : ३ : २ करता येणे, खरी परीक्षा तिथे आहे.

खेड्यातल्या कॉलेजात हे यंत्र येणार नाही, कबूल. मोठ्या यंत्राच्या चुंबकाला द्रव हेलियम लागते. पण यंत्रातून निघणारी मूळ फाइल, म्हणजे एफआयडी (संकेताची कच्ची नोंद), पेन ड्राइव्हवर सहज मावते आणि साध्या संगणकावर उघडते. यंत्र असलेल्या संस्थांनी आपल्याकडच्या जवसाच्या तेलाची एक फाइल दिली तरी कितीतरी तास रंगतील.

२० मिलिग्रॅम तेल, ते विरघळवायला ०.६ मिली ड्युटेरियमयुक्त क्लोरोफॉर्म. तेलाच्या रेणूचा कणा असलेल्या ग्लिसरॉलचे चार प्रोटॉन ४.१ ते ४.३ पीपीएमवर (पीपीएम हे आलेखावरच्या जागेचे एकक) सुटे दिसतात. तिथले क्षेत्रफळ ४ धरायचे. तेलाच्या रेणूत साखळ्या तीन, म्हणून टोकाच्या मिथिलांचे (सीएच-थ्री गटांचे) प्रोटॉन ९. त्यातले लिनोलेनिक आम्लाचे मिथिल ०.९७ वर, बाकीच्यांचे ०.८८ च्या आसपास. ०.९७ खाली ४.९५ भरले, तर ४.९५ भागिले ९, म्हणजे ५५ टक्के लिनोलेनिक. पाम तेलाची भेसळ असेल तर हाच आकडा घसरतो.

मिथिलांचे हे दोन ट्रिप्लेट वेगळे दिसतात ते ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर. तिथे ०.०९ पीपीएम म्हणजे ३६ हर्ट्झ, आणि ट्रिप्लेटच्या रेषांमधले अंतर जेमतेम ७.५ हर्ट्झ. ६० मेगाहर्ट्झवर तेच ०.०९ फक्त ५.४ हर्ट्झ भरते आणि रेषा एकमेकींत घुसतात. ‘यंत्र मोठे कशाला?’ याचे उत्तर मुलांना इथे मिळते.

मिथिलांची बेरीज ९ ऐवजी ८ आली तर तेलाला बोल लावू नये. टोकाचे मिथिल सावकाश शिथिल होते, म्हणजे रेडिओ-लहरींच्या झटक्यानंतर (पल्सनंतर) मूळ स्थितीत हळू परतते. दोन पल्समधली विश्रांती एका सेकंदाची ठेवली की ते मोजणीत कमी भरते. विश्रांती वाढवली की बेरीज जुळते. नमुन्यात ओलावा राहिला तर पाण्याचे पीक १.५६ वर येऊन १.६ जवळच्या सीएच-टूचे क्षेत्रफळ फुगवते. तेल जास्त घातले तर द्रावण दाट होऊन रेषा पसरतात. अशा चुका तक्ता पाठ करून सापडत नाहीत.

पुढच्या पेपरात निदान एक प्रश्न असा हवा: आलेख छापलेला, इंटिग्रेशनची (क्षेत्रफळ दाखवणारी) रेघ काढलेली, ‘एच’चे आकडे मात्र गाळलेले. त्याला यंत्राचा खर्च नाही.

– रसायनशास्त्राचे काही शिक्षक, वरोरा (जि. चंद्रपूर)