मांजराने कुरतडलेला कान

चि. ईशान यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनचा कॅमेरा कानाकडे वळवून वरच्या कडेतून आडवी गेलेली ती सळी दाखवलीस, तेव्हा मी "झाली हौस?" एवढेच म्हणून फोन बाबांच्या हाती दिला आणि उठून गेले. तुला तो राग वाटला असणार, नाहीतर तू दोन दिवस माझा फोन टाळला नसतास. राग नव्हता रे. माझा हात नकळत माझ्याच डाव्या कानावर गेला होता, आणि तो तुला दिसू नये म्हणून मी उठले. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी एवढेच विचारते, कान गरम लागत नाही ना?

तू कानाची पाळी टोचली असतीस तर हे पत्र मी लिहिले नसते. पाळी मऊ असते, तिला रक्त भरपूर मिळते आणि ती 6 ते 8 आठवड्यांत बरी होते. बाकीचा कान मात्र कूर्चेच्या, म्हणजे मऊ, लवचीक हाडासारख्या भागाच्या आधाराने उभा असतो, आणि कूर्चेत स्वतःची एकही रक्तवाहिनी नसते. तिच्यावरच्या पातळ आवरणातून जे झिरपेल त्यावरच ती जगते. म्हणून वरची कड, जिला तुम्ही हेलिक्स म्हणता, किंवा कानाच्या भोकासमोरचा ट्रेगस, मधल्या वाटीतला काँच, आतल्या घड्यांमधले रूक आणि डेथ, यांतले काहीही टोचले तरी ते भरायला सहा महिन्यांपासून वर्षभराचा काळ लागतो. (डेथ टोचल्याने अर्धशिशी जाते असे तू बाबांना सांगितलेस, त्याला भक्कम पुरावा नाही. बाबा खरोखरच विचारात पडले आहेत, तेव्हा तो विषय कृपा करून पुन्हा काढू नकोस.) तू तर इंडस्ट्रियल निवडलेस, म्हणजे दोन जखमा आणि त्या एकाच सळीला बांधलेल्या, एका टोकाला धक्का लागला की दुसरेही दुखावते. हे सारे मी या दोन दिवसांत वाचून काढले. तू दहावीला असतानाही मी इतके वाचले नव्हते.

पहिले काही दिवस कान सुजेल, लाल दिसेल आणि हात लागला की दुखेल. पांढरट-पिवळसर लस येऊन सळीभोवती तिची खपली धरेल. तो पू नव्हे, जखम आपले काम करत असल्याची ती खूण आहे. खपली नखाने काढू नकोस. औषधाच्या दुकानात 0.9 टक्के मिठाच्या निर्जंतुक पाण्याचा फवारा मिळतो, तो दिवसातून दोनदा मारावा आणि जागा कागदाने अलगद टिपावी. टॉवेलचा धागा सळीत अडकतो. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लावू नये, त्याने नवी पेशी जळते. सळी फिरवत राहावे असे आमच्या वेळी सांगत, तेही चूक आहे, कारण फिरवले की आत नुकतीच धरू लागलेली कातडी फाटते. जखम बाहेरून आत भरत जाते, त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी वरून सारे ठीक दिसले तरी आतला बोगदा कच्चाच असतो. तेव्हा हौसेने सळी काढून बघायची नाही. सूज उतरल्यावर लांब सळीच्या जागी आखूड घालावी लागते, ती मात्र ज्यांनी टोचले त्यांच्याकडूनच बदलून घे.

बघ, सूचनांचा पाढा मी पुन्हा सुरू केला. तुला हे सारे त्यांनी सांगितलेच असेल, आणि तू ते लिहूनही घेतले असशील. सुई पोकळ होती, ती तुझ्यासमोर पाकीट फोडून काढली, सळी टायटॅनियमची आहे की निकेल असलेल्या पोलादाची हेही तू विचारून घेतलेस, असे बाबा सांगत होते. तेव्हा मला, खोटे कशाला सांगू, अभिमान वाटला. तुझ्या वयाची असताना मी यातले काहीही विचारले नव्हते.

मी 19 वर्षांची होते. मैत्रिणीबरोबर गेले, आणि आईला न सांगता डाव्या कानाची वरची कड टोचून घेतली. ते बंदुकीसारखे यंत्र होते, एका झटक्यात बोथट खडा आरपार घालणारे. त्या दाबाने कूर्चा चिरडली जाऊ शकते, आणि प्लास्टिकचे ते यंत्र वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येत नाही, हे मला फार उशिरा कळले. पाचव्या दिवशी कान गरम झाला. आईला कळू नये म्हणून मी आठवडाभर केस मोकळे सोडून वावरले. वरचा कान लालभडक आणि जाड झाला, ठणका दाढेपर्यंत जाई, पण पाळी जशीच्या तशी होती. कूर्चेच्या आवरणात संसर्ग झाला की असेच होते, कारण पाळीत कूर्चाच नसते. पहिल्या गोळ्यांचा काही उपयोग झाला नाही. अशा वेळी पुष्कळदा स्यूडोमोनास नावाचा जंतू असतो, आणि नेहमीची प्रतिजैविके त्याला जुमानत नाहीत. शेवटी गळू फोडावे लागले. आवरणापासून सुटलेली कूर्चा तोवर उपाशी राहून मेली होती, आणि जेवढी मेली तेवढी कड आत दुमडली.

ती दुमड तुला ठाऊक आहे. चार वर्षांचा होईपर्यंत तू ती बोटांत धरल्याशिवाय झोपला नाहीस. हा कान कोणी खाल्ला, असे तू विचारलेस तेव्हा मी मांजराचे नाव घेतले, आणि पुढे वर्षभर तू शेजारच्या बिचाऱ्या सोनीला आपल्या दारात उभे राहू दिले नाहीस. तेव्हाही तू डाव्या कुशीवरच झोपायचास. आता ते बंद कर. मध्ये भोक असलेली प्रवासाची उशी घे आणि त्या भोकात कान येईल असा नीज. हेल्मेट सावकाश काढ. बारीकशी गाठ आली तर घाबरू नकोस, ती बहुधा घासल्यामुळे येते आणि विरते. पण ती टोचल्या जागेबाहेर वाढत राहिली तर दाखव, कारण आत्याच्या खांद्यावरचा वाढत गेलेला व्रण तू पाहिला आहेस, आणि तसले व्रण घराण्यात चालत येतात.

आणि कान गरम झाला, ठणकू लागला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. सळी आपल्या मनाने काढू नकोस, भोक मिटून पू आत कोंडतो. आम्हाला सांगितले नाहीस तरी चालेल. नाही, चालणार नाही, पण आधी डॉक्टर, मग आम्ही. मी तुला रागावेन म्हणून थांबू नकोस. मी आईला भिऊन सात दिवस थांबले होते, आणि ती मुळीच रागावली नव्हती.

सळी तुला शोभते. अगदी नेमकी बसली आहे. हे मी रविवारीच म्हणायला हवे होते.

तुझी,
आई

ता. क. गरम आहे की नाही ते हाताच्या मागच्या बाजूने बघ, आणि उजव्या कानाशी ताडून बघ. हात आधी धू.