आधी माल गेला, मग युद्धनौका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चीनच्या आरमारावरचा आपला अग्रलेख वाचला. दूरच्या समुद्रांत पसरायचे बीजिंगने सगळे पूर्वीच आखून ठेवले होते, असा त्याचा सूर दिसला. पस्तीस वर्षे बोटीवर काढलेल्या माझ्यासारख्याला ते काही पटले नाही.

२००८च्या आसपास मुरगाव बंदराजवळच्या आमच्या सड्यावर राहणाऱ्यांना आठवत असेल, सकाळी दोरीवर घातलेले पांढरे कपडे संध्याकाळी तांबूस होऊन घरात यायचे. तिथून लोहखनिज चीनला चालले होते, अगदी हलक्या प्रतीचेसुद्धा. ज्याची चूल समुद्रावरून आलेल्या मालावर पेटते, त्याला आज ना उद्या समुद्रावर पहारा बसवावाच लागतो. याच चीनने १९९८ आणि २०००च्या संरक्षणविषयक श्वेतपत्रिकांत लिहिले होते, की आम्ही परदेशात सैन्य ठेवत नाही, तळ उभारत नाही. डिसेंबर २००८मध्ये सोमाली चाच्यांपायी त्यांच्या तीन नौका एडनच्या आखाताकडे निघाल्या. (आपले नौदल तिथे ऑक्टोबरातच पोचले होते. अग्रलेखात हे यायला हवे होते.)

२०१० साली मी त्याच आखातातून जाणाऱ्या बोटीवर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम होतो. रेलिंगला काटेरी तार गुंडाळलेली, आगीचे पाइप बाहेर रोखलेले आणि जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या कोंबून उभे केलेले चार पहारेकरी. एका पहाटे व्हीएचएफ रेडिओवर चिनी युद्धनौकेची हाक आली. त्या अधिकाऱ्याने आमच्या बोटीचे नाव तीनदा चुकीचे घेतले, कॅप्टनला हसू आवरेना. पण ताफ्यात या म्हणाला आणि आम्ही मुकाट्याने गेलो.

२०११ साली लिबियातून त्यांना आपली सुमारे ३५ हजार माणसे काढावी लागली. २०१७मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या जिबूतीत तळच झाला. कागदोपत्री ते रसद केंद्र. मांडवी नदीत नांगरून ठेवलेल्या कॅसिनोंनाही आपण जहाजेच म्हणतो! त्याच वर्षी श्रीलंकेतले हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका चिनी कंपनीकडे गेले. मागचे शब्द गिळत, गरज पडेल तसतसे ते पुढे सरकले. ठरवून केले असते तर आधी तसे लिहून कशाला अडकले असते?

आपणही हात बांधून बसलेलो नाही. ओमानच्या दुक्म बंदरात २०१८पासून आपल्या नौकांची सोय होते. तिथे नेमके काय मिळते, दुरुस्ती की नुसते पाणी आणि इंधन, यावर एखादा लेख छापा. माझा भाचा सध्या त्याच वाटेवर एका कंटेनर बोटीवर आहे.

आपला,
एक निवृत्त बोसन
सडा, वास्को